जंतू एक, निरोप दोन

कुष्ठरोगाच्या दोन रुग्णांच्या त्वचेचे दोन बारीक तुकडे घ्यायचे, मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे, जंतू लाल आणि बाकी सारे निळे दिसेल असे रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. पहिल्या काचेवर पेशींची एक गच्च, गोलसर गाठ दिसते. मधोमध मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी, एकमेकींना खेटून बसलेल्या; त्यांच्याभोवती लहान, गडद लिंफोसाइट पेशींचे कडे. जंतू मात्र काच इकडून तिकडे कितीही सरकवली तरी सहसा सापडत नाही. दुसऱ्या काचेवर ना गाठ, ना कडे. भक्षकपेशी विस्कळीत पसरलेल्या, आतून साबणाच्या फेसासारख्या पोकळ, आणि त्या पोकळ्यांत लाल काड्यांच्या जुड्याच्या जुड्या. एका दृश्यक्षेत्रात हजाराहून अधिक जंतू दिसले की प्रयोगशाळेच्या अहवालात ६+ असा शेरा येतो, आणि त्यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट असते. म्हणजे पहिल्या काचेवर शून्य आणि दुसरीवर सहा, एवढे हे अंतर. जंतू मात्र दोन्हीकडे तोच, नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींत पाहिलेला तो दंडाणू.

रुग्णांकडे पाहिले तरी हा फरक डोळ्यांत भरतो. पहिल्याच्या अंगावर एखाददुसरा फिकट, कोरडा, केस झडलेला चट्टा असतो. त्याची कडा स्पष्ट, आणि त्यावरून कापसाचा बोळा फिरवला तर रुग्णाला कळतही नाही. दुसऱ्याच्या अंगावर पुसट कडांचे अनेक चट्टे, जाड झालेल्या कानाच्या पाळ्या, बाहेरच्या टोकाकडून विरळ होत गेलेल्या भुवया. पहिल्या प्रकाराला ट्युबरक्युलॉइड म्हणतात, दुसऱ्याला लेप्रोमॅटस. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांच्या मध्ये आणखी तीन पायऱ्या बसवल्या, आणि बहुतेक रुग्ण प्रत्यक्षात या मधल्या पायऱ्यांवरच कुठेतरी असतात. आपल्याकडे पूर्वी या सगळ्याला मिळून 'महारोग' असा एकच शब्द होता. त्या शब्दाने माणसांचे नुकसान केलेच, शिवाय एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी झाकल्या गेल्या.

दोन आजार का, या प्रश्नाचे तयार उत्तर असे की पहिल्याची प्रतिकारशक्ती जबरदस्त, दुसऱ्याची कमकुवत. हे उत्तर पटकन पटते, कारण प्रतिकारशक्तीची कल्पना आपण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी करतो. पातळी खाली गेली की आजार, भरली की तब्येत ठणठणीत. २०२० मध्ये घरोघरी उकळलेल्या काढ्यांमागे आणि औषधांच्या दुकानात 'बूस्टर' म्हणून खपलेल्या बाटल्यांमागे हीच टाकी होती. पण लेप्रोमॅटस रुग्णाची टाकी रिकामी नसते. कुष्ठजंतूविरुद्धची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात ट्युबरक्युलॉइड रुग्णापेक्षा कितीतरी जास्त असतात. क्षयाच्या जंतूची प्रथिने टोचली तर त्याची त्वचा बऱ्याचदा इतरांसारखीच लाल होऊन सुजते. रोजच्या सर्दी-पडशाला, जखमांना त्याचे शरीर चांगले तोंड देते. फक्त मेलेल्या कुष्ठजंतूंची टोचणी, जिला लेप्रोमिन म्हणतात, ती दिल्यावर तीन-चार आठवड्यांनी ट्युबरक्युलॉइड रुग्णाच्या हातावर जी गाठ उठते, ती याच्या हातावर उठत नाही. त्याच्यात ताकद आहे, ती वापरलीही जाते आहे. पण या एका जंतूच्या बाबतीत ती भलत्याच दिशेने निघून गेली आहे. या प्रकरणातला मुद्दा हाच आहे. प्रतिकाराचे फळ त्याच्या जोरापेक्षा त्याला मिळालेल्या दिशेवर ठरते, आणि ही दिशा टी पेशी आणि त्यांच्याशी बोलणारी मूठभर प्रथिने मिळून ठरवतात.

यावर पहिली शंका जंतूबद्दलच येते. दोन रुग्णांतले जंतू वेगवेगळ्या वाणांचे असतील, एक सौम्य आणि एक जहाल, असे का नसावे? शंका रास्त आहे, कारण इतर अनेक रोगांत तसे असते. पण कुष्ठजंतू या बाबतीत विलक्षण एकसुरी निघाला. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचून झाला, आणि तो वाण मूळचा तमिळनाडूतल्या रुग्णाकडून आलेला होता. पुढे २००९ मध्ये भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका इथले वाण शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ते ९९.९९५ टक्के सारखे भरले. इतका आळशी जंतूही विरळाच. दोनाचे चार व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, प्रयोगशाळेतल्या खाद्यावर तो आजवर वाढलेला नाही, आणि त्याची शेकडो जनुके मोडकळीला येऊन निकामी झाली आहेत. शिवाय एकाच घरात, एकाच माणसाकडून लागण होऊनही एकाला एक प्रकार आणि दुसऱ्याला दुसरा प्रकार होऊ शकतो, आणि बहुतेकांना तर काहीच होत नाही. तेव्हा फरक जंतूत नसून यजमानात आहे.

यजमानात नेमके काय घडते? त्वचेत शिरलेला जंतू गिळणारी पेशी त्याचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडते. जवळच्या लसिकाग्रंथीत टी पेशी हे तुकडे चाचपतात. प्रत्येक टी पेशीकडे एकाच साच्याचा ग्राहक असतो; लाखो पेशींतून एखादीचा साचा त्या तुकड्याशी जुळतो. पण साचा जुळला म्हणजे काय करायचे ते कळले असे नव्हे. ओळख पटली, एवढेच. काय करायचे हे सांगतात सायटोकाइन नावाची प्रथिने, आणि त्यांना मी इथे निरोप म्हणणार आहे. तुकडा दाखवणाऱ्या पेशीने इंटरल्यूकिन-१२ सोडले, तर ती मदतनीस टी पेशी एका वाटेला लागते आणि स्वतः गॅमा इंटरफेरॉन बनवू लागते. भोवती इंटरल्यूकिन-४ असले तर ती दुसऱ्या वाटेला लागून आणखी इंटरल्यूकिन-४ बनवते. यातली खरी गोम अशी की प्रत्येक वाट दुसरीचा रस्ता अडवते. गॅमा इंटरफेरॉन असेल तिथे दुसऱ्या वाटेच्या पेशी वाढत नाहीत, इंटरल्यूकिन-४ असेल तिथे पहिल्या वाटेच्या मागे पडतात. त्यामुळे सुरुवातीला निरोपात थोडासाच फरक असला तरी काही आठवड्यांत त्याचे प्रचंड अंतर होते, घाटमाथ्यावर शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक कोकणात उतरावा आणि दुसरा कृष्णेला मिळावा तसे. आणखी एक ध्यानात ठेवायचे. हे निरोप बहुधा दवंडीसारखे गावभर जात नाहीत. ते शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा हाकेसारखे असतात. एकाच माणसाच्या रक्तात एक चित्र आणि चट्ट्यात दुसरेच, असे म्हणूनच आढळते.

दोन वाटांची ही कल्पना आधी उंदरांच्या पेशींवरून आली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे टिमोथी मोसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे अनेक वंश वेगवेगळे वाढवून प्रत्येकाने कोणती प्रथिने सोडली ते तपासले. वंशांची सरळ दोन गटांत फाळणी झाली, आणि त्यांना टीएच-१ आणि टीएच-२ ही नावे पडली. पण बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशी ही माणसाच्या रोगाबद्दलची साक्ष नव्हे, असे तेव्हा अनेकांचे म्हणणे होते. ती साक्ष कुष्ठरोगाने दिली. रॉबर्ट मॉडलिन, बॅरी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये रुग्णांच्या चट्ट्यांतूनच काढलेल्या तुकड्यांत कोणत्या निरोपांचे आरएनए आहेत ते मोजले. ट्युबरक्युलॉइड चट्ट्यांत इंटरल्यूकिन-२ आणि गॅमा इंटरफेरॉन यांची गर्दी होती. लेप्रोमॅटस चट्ट्यांत इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० यांची. पहिल्या गटातला गॅमा इंटरफेरॉन भक्षकपेशीला गिळलेला जंतू मारायला लावतो. दुसऱ्या गटातली प्रथिने प्रतिपिंडे बनवायला मदत करतात आणि भक्षकपेशीला थंड करतात. कुष्ठजंतू लपतो तो भक्षकपेशीच्या पोटात, जिथे प्रतिपिंड पोचतच नाही. लेप्रोमॅटस रुग्णाच्या रक्तात इतकी प्रतिपिंडे असून ती वाया का जातात, ते इथे उलगडते.

आता खरी कसोटीची शंका. चट्ट्यात अमुक निरोप सापडला म्हणून त्यानेच रोगाची दिशा ठरवली, हे कशावरून? जंतूंची संख्या कोटींत गेली की तीच संख्या पेशींना इंटरल्यूकिन-१० सोडायला लावत असेल. आगीमुळे धूर झाला की धुरामुळे आग, हे नुसते मोजून सांगता येत नाही. त्यासाठी निरोप हाताने बदलून पाहावा लागतो. हे उंदरांत करून झाले आहे, लेशमॅनिया नावाच्या परजीवीवर, जो कुष्ठजंतूप्रमाणेच भक्षकपेशीत राहतो. सी-५७ ब्लॅक-६ जातीचे उंदीर त्यातून आपोआप बरे होतात. बॅल्ब-सी जातीचे मरतात. पहिल्यांत गॅमा इंटरफेरॉन भरपूर, दुसऱ्यांत इंटरल्यूकिन-४. मग बॅल्ब-सी उंदरांना संसर्गाच्या सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-४ अडवणारे प्रतिपिंड टोचले, आणि मरणारे उंदीर बरे झाले. परजीवी तोच, उंदरांची जात तीच, बदलला फक्त एक निरोप. तेच प्रतिपिंड उशिरा टोचले तर उपयोग होत नाही. थेंब तोवर घाट उतरून गेलेला असतो.

माणसांत असा प्रयोग करता येत नाही, पण निसर्गाने तो काही दुर्दैवी कुटुंबांत केला. १९९६ मध्ये एका माल्टीज कुटुंबातली मुले आणि ट्युनिशियातले एक बाळ यांच्याबद्दल दोन अहवाल एकाच वेळी छापून आले. या मुलांना सौम्य समजले जाणारे क्षयाचे नातेवाईक जंतू, बाळाच्या बाबतीत तर बीसीजीच्या लसीतला जंतू, सगळ्या शरीरभर पसरले होते. त्यांच्या टी पेशी ठीक होत्या, भक्षकपेशी ठीक होत्या. बिघाड होता तो गॅमा इंटरफेरॉनचा निरोप झेलणाऱ्या ग्राहकात. निरोप सोडला जात होता, ऐकणारा कान नव्हता. आपल्याकडे जन्मल्याबरोबर जवळजवळ प्रत्येक बाळाच्या दंडावर बीसीजी टोचली जाते आणि एक लहानसा व्रण सोडून ती विसरली जाते; ती विसरता येते याचे श्रेय या एका निरोपाला द्यावे लागते. खुद्द कुष्ठरोगातही निरोप बदलून पाहिलेला आहे. १९८६ मध्ये लेप्रोमॅटस रुग्णांच्या त्वचेत गॅमा इंटरफेरॉनचे इंजेक्शन दिले, तेव्हा त्या जागी टी पेशी आणि नव्या भक्षकपेशी गोळा झाल्या आणि तिथले जंतू कमी होऊ लागले. अर्थात जंतूंची संख्या निरोपांवर परिणाम करत नाही असे कोणी म्हणत नाही. परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. पण धागा कुठून ओढला तर वीण उसवते, ते यातून कळते.

निरोप फिरवता येईल, ही आशा मुंबईत फार पूर्वीपासून होती. डॉ. वसंत खानोलकर यांनी कुष्ठरोगातल्या मज्जातंतूंचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ च्या सुमारास लेप्रोमॅटस रुग्णाच्या गाठींतून एक दंडाणू वाढवला गेला, आणि त्या कामात कमल रणदिवे यांचाही हात होता. तो हॅन्सनचा जंतू नसून त्याचा लांबचा भाऊबंद ठरला. पण पुढे डॉ. माधव देव यांनी तो मारून लस म्हणून वापरला. दिल्लीत डॉ. गुरसरन प्राण तलवार यांनी दुसऱ्या एका निरुपद्रवी भाऊबंदावर अशीच लस बांधली. दोन्हींचा हिशेब सारखा होता. जो चेहरा पाहून टी पेशी गप्प बसतात, त्याच्याशी मिळताजुळता पण वेगळा चेहरा त्यांना दाखवायचा. लेप्रोमिनला दाद न देणारे कित्येक रुग्ण या लशींनंतर दाद देऊ लागले. टाकीच्या भाषेत याला 'शक्ती वाढली' म्हणतील. खरे तर संवादाची सुरुवात बदलली.

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल की पहिली वाट चांगली, दुसरी वाईट, आणि पहिलीवर ढकलता येईल तितके ढकलावे. कुष्ठरोग हा समज लगेच मोडतो. ट्युबरक्युलॉइड रुग्णात जंतू जवळजवळ नसतो, तरी त्याच्या कोपराच्या मागची नस दोरीसारखी जाड होते आणि करंगळी व अनामिका वाकू लागतात. हे काम जंतूचे नाही. जंतू मज्जातंतूच्या आवरणपेशींत दडलेला असतो, त्याच्या मागावर आलेल्या टी पेशी आणि भक्षकपेशी त्या अरुंद नळीत गर्दी करतात, सूज येते, आणि घुसमटून जातो तो मज्जातंतू. हाताला चटका कळत नाही, भाकरी भाजताना बोट पोळते, जखम चिघळते. लोक ज्या झडलेल्या बोटांना भितात ती अशा न कळलेल्या जखमांची फळे असतात, आणि त्या बधिरपणात रुग्णाच्या स्वतःच्या, अगदी 'बलवान' म्हणाव्यात अशा टी पेशींचा मोठा वाटा असतो. टी पेशींना सरसकट चेतवले तर काय होते हे लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये दिसले. टीजीएन-१४१२ नावाचे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले. ते टी पेशींवरचे सीडी-२८ हे बटण, साचा जुळला आहे की नाही याची वाट न पाहता, थेट दाबत होते. दोन तास होण्याच्या आत सायटोकाइनची हाक दवंडी झाली, आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. ते वाचले, पण 'बूस्टर' हा शब्द बाटलीवर छापणाऱ्यांनी ही घटना वाचायला हरकत नाही.

लेप्रोमॅटस रुग्णही या संकटातून सुटत नाही. त्याच्या शरीरात जंतूंचे अवशेष आणि प्रतिपिंडे दोन्ही मुबलक असल्याने अधूनमधून ताप, दुखऱ्या लाल गाठी, सुजलेले सांधे असा उद्रेक होतो, आणि त्या वेळी टीएनएफ नावाचा निरोप भरमसाट वाढलेला असतो. यावरचे औषध चुकून हाती लागले. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी झोप न येणाऱ्या रुग्णांना थॅलिडोमाइड दिले. जे गर्भवती मातांना दिल्यामुळे हजारो बालके अपंग जन्मली आणि जे त्याआधी तीनच वर्षे बाजारातून काढावे लागले होते, तेच हे औषध. रुग्णांना झोप तर लागलीच, पण गाठीही विरल्या. हे का झाले ते १९९१ मध्ये कळले: भक्षकपेशींतून टीएनएफ बाहेर पडणे ते औषध कमी करते. अमेरिकेत १९९८ मध्ये थॅलिडोमाइडला पुन्हा परवाना मिळाला तो याच उद्रेकासाठी.

टीएच-१ आणि टीएच-२ ही जोडी फारच नीटनेटकी आहे, हा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. २००५ च्या सुमारास इंटरल्यूकिन-१७ बनवणारी तिसरी वाट मान्य झाली, आणि ज्या आजारांचे खापर टीएच-१ वर फोडले जात होते त्यांतले काही तिच्या खात्यावर गेले. प्रतिसादाला लगाम घालणाऱ्या टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या होत्या. २०२५ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा सन्मान झाला. याहून अवघड अडचण एचआयव्हीने उभी केली. एचआयव्ही मदतनीस टी पेशीच मारतो, तेव्हा दोन्ही रोग एकत्र झालेले लोक लेप्रोमॅटस टोकाकडे सरकतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. तसे झाले नाही. रक्तातल्या मदतनीस पेशी कमालीच्या घटलेल्या रुग्णांच्या चट्ट्यांतही गच्च गाठी आढळल्या. टाकीची कल्पना यापुढे टिकत नाही हे उघड आहे, पण दोन वाटांचे साधे चित्रही यापुढे थोडे ओशाळते. माझ्या मते याचा अर्थ असा लावावा की चट्ट्यातली हाक रक्तातल्या मोजणीत ऐकू येत नाही, आणि एकदा ठरलेली दिशा थोड्या पेशीही धरून ठेवू शकतात. एचआयव्हीची औषधे सुरू करून पेशी परत वाढल्या की काही जणांचे जुने चट्टे अचानक लाल होऊन फुगतात, ते याच्याशी जुळते.

हेच दृश्य साध्या कुष्ठरोगातही दिसते, आणि तिथे ते रुग्णाला सर्वांत जास्त गोंधळात टाकते. तीन औषधांची पाकिटे महिनोन्‌महिने घेऊन झाली, जंतू मेले, 'उपचार पूर्ण' असे कार्डावर लिहून झाले, आणि मग काही महिन्यांनी एका सकाळी कोपर दुखू लागते, जुना चट्टा तापलेल्या तव्यासारखा लाल होतो, बोटांत पेला धरवत नाही. रोग उलटला असे त्याला वाटते. जंतू परत आलेला नसतो. त्याची कलेवरे त्वचेत आणि मज्जातंतूत वर्षानुवर्षे पडून असतात, आणि मधल्या पायऱ्यांवरच्या त्या रुग्णात टी पेशींची वाट आता गॅमा इंटरफेरॉनकडे वळलेली असते. मेलेल्या जंतूंवर तुटून पडताना त्या नसही भरडतात. डॉक्टर जंतूनाशकाची नवी पाकिटे देत नाहीत. ते प्रेडनिसोलोन सुरू करतात, म्हणजे टी पेशींनाच शांत करतात, आणि पुढचे अनेक आठवडे दर भेटीत त्याच्या दोन बोटांमध्ये कागदाचा कपटा धरायला लावून तो ओढून पाहतात, पकड सुटते की टिकते ते.